खांद्यावरचं ‘पी’

१६९७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, निधीतून मदत घेणाऱ्या प्रत्येकाने उजव्या बाहीवर खांद्यापाशी लाल किंवा निळ्या कापडाचं अक्षर शिवून घ्यायचं. अक्षर ‘पी’, म्हणजे ‘पॉपर’. त्याच्या जोडीला गावाच्या नावाचं आद्याक्षर. मदत घेणाऱ्याच्या बायकोनेही ते लावायचं, घरातल्या मुलांनीही. लावलं नाही तर मदत कमी होणार किंवा बंद होणार. नाहीतर सुधारगृहात नेऊन फटके आणि २१ दिवसांपर्यंत सक्तमजुरी. बिल्ला नसलेल्याला पैसे देणाऱ्या कारभाऱ्यालाही २० शिलिंग दंड होता. कायद्याच्या प्रस्तावनेत हेतू सरळ लिहिला होता: खऱ्या लाचारांसाठीचा पैसा धडधाकट आळशांच्या हाती जाऊ नये. बिल्ल्याची सक्ती उठली ती १८१० मध्ये, म्हणजे शंभरावर वर्षांनी.

दिवसभर राबून अर्धपोटी झोपणारा शेतमजूर इंग्रजीत नुसता गरीब होता. ज्या दिवशी तो कारभाऱ्यापुढे उभा राहून मदत मागे आणि त्याचं नाव वहीत चढे, त्या दिवसापासून तो पॉपर. शेजारीपाजारी म्हणत, अमका ‘पॅरिशवर पडला’. पुढे वर्कहाऊस, म्हणजे मदत मागणाऱ्यांना आत ठेवून कामाला लावणारी घरं, आली तेव्हा ‘हाऊसमध्ये गेला’ एवढंच म्हणत. कुठलं हाऊस ते विचारावं लागत नसे.

मराठी वाचकांपैकी अनेकांना हा शब्द भेटला तो मार्क ट्वेनच्या ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ या १८८१ च्या कादंबरीच्या नावात. राजपुत्र एडवर्ड आणि त्याच्यासारखाच दिसणारा झोपडपट्टीतला टॉम कपडे बदलतात, आणि राजपुत्र रस्त्यावर येतो. कथेचा काळ १५४७. कादंबरीतला एडवर्ड गरिबांचं दुःख पाहून दयाळू होतो. खऱ्या एडवर्ड सहाव्याच्या पहिल्याच वर्षी, त्याच १५४७ मध्ये, इंग्लंडने आपल्या इतिहासातला बहुधा सर्वांत क्रूर भटक्याविरोधी कायदा केला. काम न करता फिरणाऱ्या धडधाकट माणसाच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘व्ही’ डागायचा आणि त्याला दोन वर्षं पकडून देणाऱ्याचा गुलाम करायचं. राजा नऊ वर्षांचा होता, तेव्हा कायद्याचं श्रेय त्याला देणं अन्यायाचं. हा कायदा इतका टोकाचा होता की तो राबवायला लोकच पुढे आले नाहीत आणि दोन-तीन वर्षांत तो रद्द झाला.

एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या वर्षांत, १५९७ आणि १६०१ मध्ये, जरा शहाणी व्यवस्था आली. प्रत्येक पॅरिशने आपल्या गरिबांना आपणच सांभाळायचं, त्यासाठी घरजमीनवाल्यांकडून कर घ्यायचा आणि कारभारी नेमून तो वाटायचा. म्हातारे, पंगू, पोरकी मुलं यांना मदत; धडधाकटाला काम. त्या काळात युरोपात दुसरीकडे देशभर लागू असलेली अशी करावर उभी व्यवस्था सापडणं कठीण. हे इंग्लंडचं मोठेपण मान्य करूनच पुढचं वाचायला हवं.

कारण कर गावाचा म्हटल्यावर ‘आपला गरीब’ आणि ‘परका गरीब’ हा हिशेब लगोलग सुरू झाला. १६६२ च्या कायद्याने पॅरिशला अधिकार मिळाला की बाहेरून आलेला माणूस उद्या आपल्या अंगावर पडेल असं वाटलं, तर तो आल्यापासून ४० दिवसांच्या आत त्याला मूळ गावी परत धाडावं. वर्षाला दहा पौंड भाड्याचं घर घेण्याची ऐपत असेल तर मात्र कुणी विचारत नसे. या नियमाचा सगळ्यांत मोठा जाच झाला बिनलग्नाच्या गरोदर बायकांना. अशा बाईचं मूल जिथे जन्मेल, त्या पॅरिशचं ठरे. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला कारभारी घाईघाईने गाडीत घालून हद्दीपार नेऊन सोडत. तिथल्या कारभाऱ्यालाही तीच घाई.

पोरक्या मुलांची सोय आणखी स्वस्तात लागली. कापसाच्या गिरण्या निघाल्या, त्या पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या, म्हणून नदीकाठी आडरानात. तिथे मजूर मिळेनात. लंडनच्या पॅरिशांकडे पोरं होती आणि त्यांना पोसण्याचा खर्च होता. १७९९ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस वर्कहाऊसमधून रॉबर्ट ब्लिंको नावाचा सातेक वर्षांचा मुलगा इतर मुलांबरोबर नॉटिंगहॅमजवळच्या लोडहॅम गिरणीत शिकाऊ म्हणून पाठवला गेला. पुढे त्याची कहाणी जॉन ब्राऊन या पत्रकाराने लिहून काढली. तीत आहे की निघण्याआधी मुलांना सांगितलं होतं, तिकडे भाजलेलं मांस आणि मनुकांचं पुडिंग मिळेल, मालकाचे घोडे फिरवायला मिळतील, खिशात चांदीचं घड्याळ येईल. मुलांचा त्यावर विश्वास बसला आणि ती आनंदाने गाड्यांत चढली. करार वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. या मुलांच्या हालांमुळेच १८०२ मध्ये गिरण्यांतल्या शिकाऊ मुलांसाठी पहिला कायदा झाला. त्याने त्यांचं काम दिवसाला बारा तासांवर आणलं!

फ्रान्सशी लढाई, धान्याची महागाई, आणि १७९५ मध्ये बर्कशरच्या न्यायाधीशांनी काढलेली तोड: पावाच्या भावाप्रमाणे मजुरीला पॅरिशने भर घालायची. मजुरी कमी दिली तरी पॅरिश भरून काढते म्हटल्यावर शेतमालकांनी मजुरी वाढवणं सोडलं आणि कराचा बोजा चढत गेला. कर भरणारे ओरडू लागले. १८३२ मध्ये चौकशी आयोग बसला. अर्थशास्त्रज्ञ नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक हे त्याच्या अहवालाचे मुख्य लेखक. त्यांनी एक तत्त्व मांडलं, आणि १८३४ च्या नव्या गरीब कायद्याचा सगळा डोलारा त्यावर उभा राहिला: मदत घेणाऱ्याची स्थिती बाहेर राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही कमी हवीशी असली पाहिजे. म्हणजे मदत मागायला तोच येईल ज्याला दुसरा इलाजच नाही. खरा गरीब कोण हे शोधायला वेगळी चौकशी नको. वर्कहाऊसचं दार हीच चौकशी.

या कल्पनेतली चलाखी अशी, की क्रूर व्हायचं तर खाणं फार कमी करून चालत नाही. बाहेरचा मजूर आधीच इतकं कमी खात होता की त्याच्याहून कमी दिलं तर आतली माणसं मरतील. मग कमी करायचं काय? घर, आप्त, स्वतःचे कपडे, गप्पा, तंबाखू. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावी रेव्हरंड जॉन बीचर यांनी १८२४ मध्ये बांधलेलं वर्कहाऊस या पद्धतीचा आधीचा नमुना होतं. ते आज संग्रहालय आहे. बाहेरून पाहिलं तर विटांची नीटस, तीनमजली, श्रीमंत वाटावी अशी इमारत. आत पुरुष, बायका, मुलं वेगळी. धडधाकट आणि अशक्त वेगळे. प्रत्येक वर्गाला वेगळं अंगण आणि उंच भिंती. एका कुटुंबातले नवराबायको एकाच छपराखाली राहूनही एकमेकांच्या नजरेस पडू नयेत, याची तजवीज वास्तुरचनेतच केली होती. साठीच्या पुढच्या जोडप्यांना एक खोली मागण्याचा हक्क मिळाला तो १८४७ मध्ये.

आत येताना अंगावरचे कपडे काढून घेत, आंघोळ घालत आणि वर्कहाऊसचा गणवेश देत. बिल्ला गेला होता, पण आता सगळा पोशाखच बिल्ला झाला. पुरुषांना खडी फोडायला बसवत. जुने डांबरलेले जाडजूड दोर बोटांनी उकलून त्यांचे तंतू सुटे करायचे, हे बायका आणि म्हाताऱ्यांचंही काम. जहाजांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला ते तंतू लागत. याच कामाला तुरुंगातले कैदीही बसवले जात, आणि लोकांच्या ते ध्यानात येत होतं. उत्तरेकडच्या गिरणगावांत नव्या कायद्याविरुद्ध दंगली झाल्या. लोकांनी या इमारतींना पॅरिसच्या तुरुंगाचं नाव दिलं, ‘बॅस्टिल’. वर्कहाऊसमधल्या पोराची गोष्ट सांगणाऱ्या डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ कादंबरीचे हप्ते १८३७ मध्ये सुरू झाले तेव्हा कायदा जेमतेम अडीच वर्षांचा होता.

अँडोव्हरचं प्रकरण मात्र कादंबरीकारालाही सुचलं नसतं. हॅम्पशरमधल्या या गावच्या वर्कहाऊसमध्ये पुरुषांना हाडं कुटायचं काम होतं. घोड्यांची, गुरांची हाडं लोखंडी धुमसाने फोडून त्यांचा भुगा करायचा आणि तो खत म्हणून विकायचा. वर्कहाऊसचा प्रमुख मॅकडूगल हा वॉटर्लूच्या लढाईतला जुना सैनिक; दारुडा आणि हाताचा जड. ठरवून दिलेलं खाणंही तो पुरतं देत नसे. १८४५ मध्ये बाहेर आलं की भुकेले पुरुष कुटायला आलेल्या हाडांवर तुटून पडतात, त्यांना चिकटलेलं कुजकं मांस चोखतात, आतली मज्जा खातात, चांगलं हाड हाती लागावं म्हणून भांडतात. वर्कहाऊसच्या मंडळावरच्या ह्यू मंडी या सदस्याने हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा बाकीच्या सदस्यांना त्याचा रागच आला. थॉमस वेकली या खासदाराने कॉमन्स सभेत प्रश्न विचारल्यावर चौकशी लागली आणि वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने ती छापली. शेवटी वर्कहाऊसवर देखरेख करणारा लंडनचा गरीब कायदा आयोगच बरखास्त झाला आणि १८४७ मध्ये त्याच्या जागी पार्लमेंटला जबाबदार असलेलं मंडळ आलं. हाडं कुटणं बंद झालं. वर्कहाऊस चालू राहिली.

तुरुंगासारखं काम ही एक शिक्षा. दुसरी शिक्षा कागदावरची होती, आणि ती बाहेर पडल्यावरही सुटत नसे. १८३२ च्या सुधारणा कायद्याप्रमाणे आधीच्या वर्षभरात पॅरिशची मदत घेतलेल्या माणसाचं नाव मतदारयादीतून वगळलं जाई. नुसतं औषधपाणी घेतलं तरी मत जात असे. तेवढ्यापुरती सूट १८८५ मध्ये मिळाली. बाकीची आडकाठी उठायला १९१८ उजाडलं. त्याच १८३२ साली आणखी एक कायदा झाला: वर्कहाऊसमध्ये मेलेल्याचं प्रेत कुणी नातलगाने नेलं नाही, तर ते वैद्यकीय विद्यालयाला चिरफाडीसाठी देता येईल. त्याआधी ही शिक्षा फाशी गेलेल्या खुन्यांच्या प्रेताला होती. ‘पॉपरचं दफन’ या शब्दांनी इंग्लंडमधल्या गरीब घरांच्या काळजात धस्स होई ते यामुळे. पोटाला चिमटा काढून लोक दर आठवड्याला दफनविम्याचे पेनी भरत. आंधळ्या भीतीपोटी केलेला तो खर्च नव्हता.

आणि जन्म? वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्याच्या दाखल्यावर ठिकाण तेच लिहिलं जाई, मग नोकरी मागायला गेला की तोच कागद पुढे करावा लागे. १९०४ मध्ये सूचना निघाली की दाखल्यावर वर्कहाऊसचं नाव न लिहिता त्याच जागेचा रस्त्याच्या नावाचा साधा पत्ता लिहावा. चार्ली चॅप्लिन जन्मला बाहेर, पण १८९६ मध्ये, सात वर्षांचा असताना, आई आणि सावत्र भावाबरोबर लंडनच्या लँबेथ वर्कहाऊसमध्ये दाखल झाला. दारातच आईला एकीकडे आणि मुलांना दुसरीकडे नेलं. तिथून दोघा भावांची रवानगी हॅनवेलच्या पॉपर मुलांच्या शाळेत झाली. पुढे पडद्यावर त्याने जो भटक्या उभा केला, त्याला पोलीस दिसताच पळावंसं का वाटतं हे समजायला फार टीकाग्रंथ नकोत.

हे सगळं इंग्लंडपुरतं राहिलं नाही. १८७६ च्या पावसाने दगा दिला आणि सोलापूर, नगर, विजापूरपासून मद्रासपर्यंत दुष्काळ पडला. मुंबई इलाख्याने मोठी सरकारी कामं काढली. नीरेच्या डाव्या कालव्याचं काम याच दुष्काळात सुरू झालं. दुष्काळाची पाहणी करायला व्हाइसरॉयने पाठवले सर रिचर्ड टेंपल. हेच टेंपल १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केला म्हणून टीकेचे धनी झाले होते. आता त्यांनी उलटं टोक गाठलं. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य आणि वर एक आणा. तेवढ्यावर दिवसभर माती वाहायची. शिवाय काम घराजवळ नको, मैलोगणती लांब हवं. जो खरोखर उपाशी आहे तो चालत जाईल, हा तर्क. चॅडविकच्या वर्कहाऊसच्या दाराचं काम दख्खनमध्ये या अंतराने करायचं होतं.

लोकांनी त्याला संपाने उत्तर दिलं. मजुरी कापल्यावर हजारो माणसं कामं सोडून निघून गेली. पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले: एवढ्या धान्यावर माणूस जगू शकत नाही. टेंपल साहेबांना बढती मिळाली. १८७७ मध्येच ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

पुढे १८८० मध्ये रिचर्ड स्ट्रेची यांच्या दुष्काळ आयोगाने अहवाल दिला आणि त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्या अहवालावर इंग्लंडमधल्या गरीब कायद्याची गडद सावली आहे. दुष्काळात मदत मिळणं हा हक्क मानला, तर उद्या लोक सुकाळातही हक्क सांगतील आणि हिंदुस्थानातही कायमची गरीब-मदत द्यावी लागेल, ही धास्ती आयोगाने बोलून दाखवली. म्हणून इंग्लंडातल्या कायद्याचा अर्धाच भाग इकडे आला. कसोटी आली, कामाची सक्ती आली. १६०१ पासून इंग्लंडमधल्या गरिबाला होता तसा पोसलं जाण्याचा हक्क मात्र आला नाही.

तो हक्क महाराष्ट्रात यायला शंभर वर्षं लागली. १९७२ च्या दुष्काळात बायाबापड्या रस्त्यांच्या कडेला बसून खडी फोडत होत्या, मुकादम हजेरीपट भरत होता, सुकडी वाटली जात होती. लंडनच्या वर्कहाऊसमधला पुरुष जे करत होता तेच काम, फक्त डोक्यावर ऊन. पण वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना तोवर राज्यभर पोचली होती: काम मागितलं की ते देणं सरकारवर बंधनकारक. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला होता. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दर महिन्याला व्यवसाय कराचे जे रुपये वजा झालेले दिसतात, ते याच योजनेच्या नावाने सुरू झाले. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात अंतराची अट पुरती उलटी झाली: काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, त्यापलीकडे दिलं तर मजुरी दहा टक्के जास्त.

खुद्द पॉपर हा शब्द मात्र आपल्याकडे दुसऱ्याच दाराने आला होता, कोर्टाच्या. दावा लावायचा तर कोर्ट फी भरायला हवी, आणि फी भरायला पैसे नसतील तर? इंग्लंडमध्ये १४९५ पासून अशा माणसाला फीशिवाय दाद मागता येत असे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३३ याच कामाचा. फी ठरलेली नसेल तिथे पॉपर कोण, तर ज्याची मालमत्ता शंभर रुपयांहून कमी आहे तो. त्यात अंगावरचे गरजेपुरते कपडे आणि ज्यावरून वाद आहे ती वस्तू धरायची नाही. मराठीत त्याला नादार म्हणत. फीची माफी ती नादारी. शाळेत नादारी मिळवून शिकलेल्यांच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. नादाराने आपल्या मालमत्तेची यादी जोडायची, जातीने कोर्टात हजर राहायचं, सरकारी वकिलाच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. दावा चालू असताना ऐपत आढळली तर नादारी काढून घेत. आणि तो जिंकलाच, तर माफ केलेली फी सरकार आधी वसूल करणार.

इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी गरीब कायदा संपला. अनेक वर्कहाऊस त्याच दिवशी सरकारी रुग्णालयं झाली. भारतीय संहितेत पॉपर आणखी २८ वर्षं टिकला. १९७६ च्या दुरुस्तीत त्याच्या जागी ‘इंडिजंट पर्सन’, म्हणजे निर्धन व्यक्ती आली आणि शंभराचे हजार रुपये झाले. चौकशी, यादी, जातीने हजेरी जशीच्या तशी राहिली. महाराष्ट्रात एका वर्गापुरती तीही गळाली. १९९४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत दाद मागणाऱ्या स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. तिथे अर्जाला मालमत्तेची यादी लागत नाही, आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज काय आहे असं कुणी विचारत नाही.